पुढचा एक दात

"चेन दोन कड्या कमी पडतेय, मामा!" माझी भाची रडकुंडीला आली. ती आरोग्य केंद्रात नर्स. गेल्या बुधवारी खडकाळ चढावर तिची मोटरसायकल अर्ध्यातून मागे घसरली आणि वरच्या वाडीतली बाळं लसीवाचून राहिली. आज परत तिथंच जायचं होतं, आणि लसीच्या डब्यातला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता.

चढाला जोर मिळावा म्हणून तिनं मागच्या चाकाचं चाळीस दातांचं स्प्रॉकेट काढून पंचेचाळीस दातांचं बसवलं होतं. एवढ्या मोठ्या चक्राला जुनी चेन पुरणार कशी? मी रागावलो नाही.

"या नव्यासोबत पुढचं छोटं स्प्रॉकेट आलं होतं ना?"

"तेरा दातांचं? ते खोक्यातच आहे. आत्ता चौदाचं बसलंय. एका दातानं काय होणार?"

"चाळीसला आधी चौदानं भाग, मग तेरानं. मागचे किती दात वाढल्यासारखे होतात बघ."

तिनं मातीत काडीनं भागाकार केला. "अय्या, पुढचा एक कमी म्हणजे मागचे तीन जास्त! आणि चेन जुनीच चालेल!"

"मग ऊठ. मागचं जुनं परत चढव."

तासाभरात गाडी तयार झाली. मी चढाच्या पायथ्याशी थांबलो. गाडी संथ, एकसुरी घरघरत वळणाआड गेली आणि आवाज थांबला. पुन्हा घसरली की काय? मी कान टवकारले.

थोड्या वेळानं वरून, सुई टोचल्यावर रडतात तसं, एक बाळ कळवळून रडलं. त्यामागोमाग दुसरं, मग तिसरं.

मी हुश्श करून दगडावर बसलो.