मार्थाच्या दारावर

“पुन्हा एकदा ठोक. आणि जरा रागाने ठोक,” कीर्तीने आतून ओरडून सांगितलं.

बाहेर वाऱ्यात कुडकुडत उभ्या असलेल्या सारंगने बायकोच्या हुकमाप्रमाणे पुन्हा दार ठोकलं. शेजारच्या डच आजींनी पडदा बाजूला केला आणि लगेच सोडला. हा आयटीतला भला माणूस स्वतःच्याच घराचं दार बडवतो, हे त्यांना आता नवं नव्हतं.

“नाहीच जमत तुला,” कीर्ती म्हणाली. “ह्यात राग कुठेय? पोस्टमन आल्यासारखा ठोकतोस.”

कीर्ती दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहायची. या वर्षी तिने दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं माळरान घेतलं होतं. तिची मार्था मारकुट्या नवऱ्यापासून पळून त्या माळावर येते आणि मातीच्या ढेकळांचं घर बांधते. पाच वर्षं तिथे तग धरला की सरकार जमीन तिच्या नावावर करणार. दोन दिवस उरलेले असताना नवरा माग काढत दारात येतो. इथे कथेचं घोडं अडलं होतं.

अनुभवल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा कीर्तीचा हट्ट. मार्थासाठी ती चार दिवस नुसती मक्याच्या पिठाची पेज प्यायली. जानेवारीत सताड उघड्या खिडकीत झोपली. न्यूमोनिया सारंगला व्हायचा राहिला.

वरच्या माळ्यावरच्या खोलीत सुचेता राहत होती. दहा महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी मास्ट्रिख्टहून पळून आली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झालेली तोंडओळख, तेवढ्यावर कीर्तीने तिला घरात घेतलं. तिच्या नवऱ्याने, जयप्रकाशने, ओळखीतल्या सगळ्यांना फोन केले. कीर्तीने त्याला शांतपणे सांगितलं, “इथे नाही आली.” सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही हो.

भाडं ती घेत नव्हती. दुपारच्या चहाला थोडे प्रश्न विचारायची, एवढंच.

“तो घरी आला की आधी काय व्हायचं तुला?”

“तळहात गार पडायचे, कीर्तीताई.”

“बेल वाजवायचा?”

“नाही. किल्ली खिशात असायची, तरी तीनदा ठोकायचा. मग थांबायचा. ते थांबणं फार वाईट.”

कीर्ती सगळं वहीत उतरवायची, मग मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवायची.

बुधवारी सुचेता जिन्यावरून धावतच खाली आली. “ताई, परमिट आलं! माझं स्वतःचं. आता त्याच्या व्हिसावर नाही मी. आणि इथल्या नगरपालिकेने घरही दिलंय, शनिवारी किल्ली मिळेल.”

“शनिवारी? इतक्यात?”

“हो. पत्ता कुणालाच सांगू नका म्हणालेत. तुम्हालाही नाही, ताई. रागावू नका.”

“वेडी का काय!” कीर्तीने तिला जवळ घेतलं. तिचे डोळे खरंच भरून आले होते.

शुक्रवारी दुपारी कीर्तीने पुरणपोळ्या केल्या आणि सारंगला साजूक तूप आणायला पार द हेगला पिटाळलं.

“तूप आहे की डब्यात,” सुचेता म्हणाली.

“असू दे. आज ताजंच हवं.”

सुचेताने दोन पोळ्या खाल्ल्या. कधी नव्हे ती खळखळून हसली. “मार्थाचं काय ठरलं मग? वाचते ना ती?”

“बघू. आज संपेल बहुतेक.”

कीर्तीने आपली खुर्ची ओढून दारासमोर घेतली. वही मांडीवर उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

दारावर थाप पडली. एक, दोन, तीन. मग सगळं थांबलं.

सुचेताच्या हातातली वाटी खाली पडली. “सारंगदादा असतील,” ती कशीबशी म्हणाली.

“छे, त्याला कुठे असं जमतंय,” कीर्ती म्हणाली. “जा, तूच उघड. तोंड मात्र माझ्याकडे ठेव.”