घाटावरचा भोंगा

"अजून पलीकडं जा, त्या मोठ्या दगडावर!" भूषण काठावरून ओरडला. टीना चपला हातात घेऊन, दुपट्टा सावरत, पाण्यातले दगड ओलांडत गेली.

नागपूरच्या स्थळाला फोटो पाठवायचा होता. स्टुडिओतल्या फोटोत ती म्हणे रेशनकार्डावरच्यासारखी दिसते! बाबा दुपारपाळीला गेले, जेवणं आटोपली, भावाच्या, भूषणच्या, मनात आलं आणि दोघं स्कूटरवर बसून भिलाईहून थेट शिवनाथ नदीवर. घाट कसा धुऊन-पुसून ठेवलेला, कागदाचा कपटा नाही. पाणी नितळ, जेमतेम घोट्याएवढं. वर राजनांदगावकडं मात्र आभाळ काळंभोर झालं होतं. त्यानं फोटोला मागून झकास रंग आला होता.

तेवढ्यात भोंगा झाला. चांगला लांबलचक. भूषणनं कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही. भिलाईचं पोर ते, कारखान्याचा भोंगा ऐकतच लहानाचं मोठं झालेलं.

धुणं धुणाऱ्या बायांनी ओले पिळे तसेच घमेल्यात कोंबले आणि लगबगीनं पायऱ्या चढल्या. एका म्हाताऱ्या कोळ्यानं आपली डोंगी पाण्यातून ओढत पार वर नेली.

"भोंपू नइ सुने का, बाबू?" त्यानं जाता जाता विचारलं.

"सुना ना, दादा. रोज सुनते हैं," भूषण हसला. म्हातारा त्याच्याकडं बघतच राहिला, मग डोकं हलवत निघून गेला. घाटावर चिटपाखरू उरलं नाही. बरं झालं, फोटोत कोणी मधे यायला नको.

"मान वर ठेव, टीने. खाली पाहू नको!"

त्यानं धडाधड फोटो काढले आणि बघायला घेतले. पहिल्या फोटोत टीनाच्या अलीकडं दगडांची अख्खी रांग होती. शेवटच्यात एकही दगड नव्हता.

त्यानं पुन्हा मागे जाऊन पाहिलं. मग त्याला एकदम आठवलं. बाबा तर भोंग्यावरच घरून निघाले होते. दुपारपाळीचा भोंगा कधीच होऊन गेला होता. आत्ता वाजला तो वरच्या बंधाऱ्याचा. दरवाजे उघडले होते, देवा!

"टीने! परत ये! पाणी आलं, पाणी!"

पाण्याच्या खळखळाटात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. तो तसाच बुटांसकट आत धावला. दोन पावलांत पाणी गुडघ्याला लागलं आणि पाय ओढू लागलं. तो कॅमेऱ्यासकट दोन्ही हात वर करून वेड्यासारखा हलवू लागला.

टीना दगडावर ताठ उभी होती. हनुवटी वर, नजर कॅमेऱ्यावर, ओठांवर नागपूरसाठी जपून ठेवलेलं हसू. ते हसू जराही ढळू न देता ती दातांतल्या दातांत ओरडली,

"अरे दादा, कावून हलून राहिला? थांब ना एका जागी, फोटो बिघडन!"