तिन्हीसांजेची हाक

दहावा उरकला. पाहुणे पांगले. कृष्णात उंबऱ्याशी बसला आणि दारातले स्वतःचे जुने लष्करी बूट त्यानं हातात घेतले. तळांना चिखल होता, वाळून खडखडीत झालेला.

हा चिखल त्याची बायको रेश्मा लावायची. रोज. दोन वर्षांपूर्वी पाटणच्या खालच्या वस्तीवर चोऱ्या झाल्या आणि तिकडं जम्मूत पलटणीत असलेल्या ह्या गड्याला घोर लागला. आई वारलेली, मूलबाळ नाही, मळ्यात रेश्मा एकटी. त्यानं फोनवरून तिला सगळं शिकवलं. माझे बूट दारात ठेव. नुसते ठेवू नको, चिखल माख; गडी आत्ताच रानातनं आलाय असं दिसलं पाहिजे. माझा शर्ट दोरीवर टाक. आणि तिन्हीसांजेला मला मोठ्यानं हाक मार. कुणी आडोशाला टपला असेल तर त्याला ऐकू जाऊ दे.

रेश्मा आधी लाजली, मग तिच्या अंगवळणी पडलं. दिवा लावला की ती रिकाम्या घरात हाक मारायची, "आवं, या की लवकर!" शेजारची साळूबाई सकाळी नळावर तिला हमखास छेडायची, "आला का गं तुजा न्हवरा लवकर?" रेश्मा पदर तोंडाला लावून हसायची. चोर काही फिरकला नाही. कृष्णातला आपल्या हुशारीचा केवढा अभिमान! पलटणीतल्या पोरांनाही तो ही युक्ती सांगायचा.

दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी धार काढताना गाय बिथरली. रेश्मा दगडी गव्हाणीवर आदळली. मांडीचं हाड मोडलं, जागचं हलता येईना. फोन घरात. सकाळी गाय सारखी हंबरतीय म्हणून साळूबाई गोठ्यात गेली, तर सगळं संपलेलं. रक्त आतल्या आत वाहिलं, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळीच आणलं असतं तर वाचल्या असत्या.

तेच कृष्णातला दहा दिवस आतून कुरतडत होतं. साळूबाईची चूल गोठ्यापासून वीस पावलांवर. एक हाक पुरली असती.

साळूबाई भाकरीचं ताट घेऊन आली. दहा दिवसांत तिनं त्याच्याकडं एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

"काकी, खरं सांगा. तिनं हाक मारलीच न्हाई का?"

साळूबाईनं ताट खाली ठेवलं.

"मारली की, बाबा. तीनदा मारली. रोजचीच, 'आवं, या की लवकर!' मी चुलीपाशीच हुते. आज लय जोरात मारतीय म्हणून हसले बी." मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

"तुलाच मारत हुती रं."