परतीचं टपाल

“मेल? नाही बुवा, आम्हाला मेल-बिल काही आला नाही,” डोळ्यांच्या दवाखान्यात वडिलांना ऑपरेशनसाठी घेऊन आलेला मुलगा म्हणाला. “काउंटरवरच्या बाईंचा फोन आला होता. सात वाजता उपाशीपोटी आणा म्हणाल्या.”

मेल मिळाला ना, असं सहज विचारणाऱ्या दवाखान्याच्या प्रोग्रामरनं कान टवकारले. ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंटला आपोआप मेल जावा, म्हणून वर्षापूर्वी त्यानंच सर्व्हरवर स्क्रिप्ट लिहून दिली होती. त्या दिवसापासून काउंटरवरच्या काकूंनी कुणाला फोन करायचे नाहीत, यादीलाही हात लावायचा नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता. मग या बाई फोन कसले करत होत्या?

त्यानं दोन दिवस पाळत ठेवली. दुपारी तीनला काकू उद्याच्या पेशंटची यादी छापायच्या, घडी करून पर्समध्ये टाकायच्या आणि चादरींच्या खोलीत शिरून आतून कडी लावायच्या. अर्ध्या तासानं बाहेर यायच्या तेव्हा चेहरा असा, जणू आत नुसत्या चादरी मोजत होत्या. नाव, नंबर, आजार, सगळं त्या कागदावर. आणि समोरच डोळ्यांचा एक नवा चकाचक दवाखाना नुकताच उघडलेला. पाणी कुठं मुरतंय हे त्याला लगेच कळलं.

तरी त्यानं आपली बाजू तपासून घेतली. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक मेलपुढे ‘गेला’ असं होतं. दवाखान्यातल्या आपल्या पत्त्यावर त्यानं चाचणीचा मेल पाठवला. पापणी लवायच्या आत हजर! म्हणजे स्क्रिप्ट चोख होती. खोट असलीच तर माणसात होती, आणि हे कळल्यावर त्याला बरंच वाटलं.

“पुरावा आणा. संध्याकाळीच त्यांना घरी बसवतो,” त्याचा संशय ऐकून मोठे डॉक्टर म्हणाले.

दारावरच्या वॉचमनला तर कुणी विचारायचाच अवकाश होता. “अहो, त्या बाईंची तऱ्हाच वेगळी,” म्हणत त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. तिथं काळा चष्मा लावलेले काकूंचे यजमान बायकोच्या सुटण्याची वाट पाहत बसले होते, रोजच्यासारखे. “नोकरी इथं, पण नवऱ्यासाठी वशिला म्हणून लावला नाही. सगळ्यांसारखा नंबर लावून बसल्या, तोवर त्याचे डोळे गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!” प्रोग्रामरही हसला.

तीनला कडी लागली. त्यानं लॅपटॉप काखेत मारला आणि दार ठोठावलं. काकूंनी उघडलं. एका हातात यादी, निम्म्या नावांपुढे खुणा केलेली. दुसऱ्या हातात स्वतःचा मोबाइल.

“काकू, ही यादी कुणाला पुरवताय?”

“पुरवतेय कसली! तुझा मेल ज्यांना पोचत नाही, त्यांना फोन करतेय.”

“सगळे मेल जातात. सर्व्हरवर नोंद आहे.”

“जातात रे. पण जाणं वेगळं आणि पोचणं वेगळं. डॉक्टरांना दोनदा सांगितलं. म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. आता तूच बघ. माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव एक.”

त्यानं पत्ता विचारून टाइप केला, मेल पाठवला. नोंद झाली: गेला. दोघं काकूंच्या मोबाइलकडे बघत उभे राहिले. काहीच आलं नाही.

वर्षापूर्वी करायचा तपास त्यानं चादरींच्या गठ्ठ्यावर बसून पंधरा मिनिटांत केला. पाठवणारा म्हणून त्यानं स्क्रिप्टमध्ये दवाखान्याचा पत्ता घातलाच नव्हता. सर्व्हर आपलं घरातलं नाव लावून मेल धाडत होता. घरात ते नाव चालायचं, बाहेर त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. बाहेरचे सर्व्हर मेल दारातूनच परत पाठवत होते आणि परत आलेला एकेक मेल याच सर्व्हरवरच्या एका पेटीत पडत होता. ती पेटी कुणी उघडायची हे कधी ठरलंच नव्हतं. आत चार हजारांवर मेल होते.

“तुम्हाला कसं कळलं, काकू?”

काकूंनी यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं. “उशिरा कळलं,” एवढंच म्हणाल्या आणि नंबर लावला.

तो पेटीच्या तळाशी गेला. सगळ्यात पहिला मेल स्क्रिप्ट सुरू झाली त्याच दिवशी परत आलेला होता. त्यावरचा पत्ता त्यानं थोड्या वेळापूर्वीच आपल्या हातानं टाइप केला होता. खाली मजकूर होता: ‘आपले ऑपरेशन परवा सकाळी सात वाजता ठरले आहे. उपाशीपोटी यावे. उशीर झाल्यास दृष्टी वाचवता येणार नाही.’

मोठ्या डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत पुरावा हवा होता. त्यानं तो मेल छापून घेतला, खाली पेनानं स्वतःचं नाव लिहिलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाला.