तिसरा डंख

मधपाळ हणमंत जंगम यांच्या अंगणात निरीक्षक देवरुखकर येऊन बसले, तेव्हा त्यांच्या हातातले यंत्र अजून बंद होते. प्रत्येक मधमाशीच्या नांगीत आता तिच्या पेटीचा क्रमांक रोवलेला असे. सुजेजवळ यंत्र नेले की तो उमटे. वर्षभरात तीन डंख झाले की पेटी सरकारजमा, असा कायदा होता, आणि घरच्या माणसांना झालेला डंखही त्यात धरला जाई.

हणमंतांच्या पेटीचे दोन डंख नोंदले गेले होते. तिसरा त्याच सकाळी त्यांच्या पत्नीच्या, अनसूयेच्या, उजव्या मनगटाला झाला होता. गावात दुसरी पेटी नव्हती. ती गेली असती तर भोपळ्याच्या फुलाफुलाला पुन्हा कुंचल्याने पराग लावत बसावे लागले असते.

“घरात कुणाला चावली?”

“छे हो! आमच्या माश्या माझ्याहून गरीब.”

तेवढ्यात अनसूया चहा घेऊन आली. उजवा हात पदराखाली ठेवून तिने डाव्या हाताने कप पुढे केला. पाहुण्याला डाव्या हाताने चहा देणारी बाई त्या पंचक्रोशीत शोधूनही सापडली नसती.

देवरुखकरांनी पदराकडे पाहिले, मग कुंपणावरच्या वेलीला धरलेल्या भोपळ्यांकडे. नंतर त्यांनीही डावाच हात पुढे करून कप घेतला.

“वहिनी, चुना लावा त्याला,” ते म्हणाले. “सूज परवापर्यंत उतरेल. यंत्र मी तेव्हाच सुरू करीन.”