अकरा वेळा

"मॅडम, केसपेपर निघेना," खिडकीवरून रोजचाच निरोप आला. सकाळी दहाला दवाखान्याचा सर्व्हर अडकायचा, रांग दारापर्यंत जायची आणि खापर फुटायचं तो सांभाळणाऱ्या प्रणिताच्या माथी. "सोमवारपर्यंत दोष सापडला नाही, तर दुसरं माणूस बघतो," असं अधीक्षक बोंद्रे साहेबांनी बजावलं होतं.

म्हणून कालच तिनं सर्व्हरवर मॉनिटरिंग एजंट, म्हणजे नजर ठेवणारा प्रोग्राम, बसवला होता. कुणाच्या कामानं सर्व्हर दमतोय, हे तो मिनिटामिनिटाला टिपत होता.

आज साहेबच पाठीमागे येऊन उभे राहिले. "काय म्हणतोय तुमचा एजंट?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. रुग्णांना किती ताटकळावं लागतं, याचा पाच वर्षांचा अहवाल कुणीतरी दहा वाजता मागवला होता. उघडेना म्हणून पुन्हा मागवला. एकाच संगणकावरून अकरा वेळा. संगणकाचं नाव होतं, अधीक्षक कक्ष.

तिनं अकराही कामं थांबवली. बाहेर प्रिंटर खरखरू लागला, रांग हलली. कित्येक दिवसांनी प्रणितानं खुर्चीला पाठ टेकली.

साहेब चष्मा पुसत राहिले. "मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "बटण नीट दाबलंच जात नाहीये."