संमतिपत्र

सार्वजनिक सुट्टी होती, तरी लॉन्ड्रीत सगळे कामावर होते. अचानक कामगार निरीक्षक बाई आल्या. मालकांनी हसतमुखानं संमतिपत्रं पुढे केली. “मॅडम, सगळे स्वखुशीनं आलेत.” बाईंनी एक पत्र इस्त्रीवालीपुढे धरलं. “ही सही तुमचीच ना?” तिनं अक्षर ओळखलं. ते तिच्या नवऱ्याचं होतं. तो इथलाच कारकून. खरं सांगितलं तर नवरा अडकणार, खोटं बोललं तर सगळ्यांच्या हक्काच्या सुट्टीवर पाणी. टेबलामागे नवऱ्यानं मान खाली घातली. “नाही,” ती म्हणाली, “माझी नाही. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.” “मग कुणी केली?” नवराच पुढे आला. “मी केल्या, मॅडम. सगळ्याच. मालकांनी करायला लावल्या.” इस्त्री बंद करून ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.